जेनेरिक मेथड आणि कंपायलरचा नकार

प्रश्न : जावाच्या एकाच क्लासमध्ये मी ‘छापा’ नावाच्या दोन मेथड लिहिल्या. एक स्ट्रिंगची लिस्ट घेते, दुसरी इंटिजरची. पॅरामीटर उघडच वेगळे असूनही कंपायलर एरर देतो. जेनेरिक मेथडमध्ये, म्हणजे जिचा टाइप ‘टी’ ती वापरताना ठरतो अशा मेथडमध्ये, नवा ऑब्जेक्ट करण्यासाठी ‘न्यू टी()’ लिहिलेलेही त्याला चालत नाही. ही कंपायलरची उणीव समजायची का?

उत्तर : पॅरामीटर वेगळे आहेत हे कंपायलरला पुरेपूर कळते, अडचण तो तयार करतो त्या बाइटकोडमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष चालणाऱ्या कोडमध्ये आहे. जावामध्ये जेनेरिक्स (टाइप वापरताना ठरवता येणारे क्लास आणि मेथड) 2004 साली, पाचव्या आवृत्तीत आले. तोवर लिहिलेला अफाट कोड टाइप न सांगितलेल्या साध्या लिस्ट वापरत होता आणि तो नव्या कोडबरोबर विनातक्रार चालणे आवश्यक होते. म्हणून टाइपची तपासणी कंपाइल करतानाच उरकायची आणि मेथडच्या प्रत्यक्ष सिग्नेचरमधून (नाव आणि पॅरामीटरचे टाइप यांतून) टाइप आर्ग्युमेंट, म्हणजे लिस्ट कशाची हा भाग, पुसून टाकायचे, असा मार्ग निवडला गेला. यालाच टाइप इरेजर म्हणतात. पुसल्यानंतर तुमच्या दोन्ही मेथड ‘लिस्ट घेणारी छापा’ एवढ्याच उरतात आणि त्या एका क्लासमध्ये नांदू शकत नाहीत. नावे वेगळी ठेवा, प्रश्न मिटेल.

‘न्यू टी()’चे मूळही तेच. प्रोग्राम चालू असताना टीच्या जागी त्याला घातलेली टाइपची मर्यादा, आणि ती नसल्यास ऑब्जेक्ट, एवढेच शिल्लक असते. मग कन्स्ट्रक्टर कोणाचा बोलवायचा? शिवाय पॅरामीटर नसलेला कन्स्ट्रक्टर त्या क्लासला असेलच, याची हमी नाही. जावा 8 पासून मेथडला सप्लायर (मागितल्यावर ऑब्जेक्ट पुरवणारा) हा पॅरामीटर देऊन कॉल करणाऱ्याकडून कन्स्ट्रक्टरचा मेथड रेफरन्स, म्हणजे त्याच्याकडे बोट दाखवणारा संदर्भ, घेता येतो. क्लास ऑब्जेक्ट पाठवून रिफ्लेक्शननेही (प्रोग्राम चालू असताना क्लासची माहिती वाचून) काम होते, पण तेव्हा चूक प्रोग्राम चालू असतानाच उघडकीस येते. माझ्या मते त्याने जेनेरिक्सचा निम्मा फायदा वाया जातो.

सी शार्पने 2005 मध्ये टाइपची माहिती रनटाइमपर्यंत, म्हणजे प्रोग्राम चालतानाही उरेल अशी, नेली. तिथे तुमच्या दोन्ही मेथड चालतील आणि योग्य अट घातल्यास ‘न्यू टी()’सुद्धा. मात्र त्यासाठी जुन्या कलेक्शन्सशेजारी नवी, वेगळी कलेक्शन्स उभारावी लागली. त्यामुळे जावाच्या या वागण्याला मी उणीव म्हणणार नाही, जाणूनबुजून केलेला सौदा म्हणेन.

जाता जाता, टीचा ॲरे करण्यासाठी ऑब्जेक्टचा ॲरे कास्ट करण्याची, म्हणजे तो टीचाच आहे असे कंपायलरला सांगण्याची पळवाट तुम्हाला सुचेल. तिथे कंपायलर केवळ इशारा देतो आणि तो ॲरे स्ट्रिंगचा म्हणून बाहेर वापरायला घेतला की एरर भलत्याच ओळीवर येते. ॲरेलिस्ट वापरा.