हेरॉईन सुटलं, मग दारू कुठून आली?

(गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांच्या व्यसनमुक्तीवर मागच्या अंकात लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न.)

क्लॅप्टन यांनी १९७४ साली हेरॉईन सोडलं, तरी त्यांची व्यसनमुक्ती १९८७ पासून मोजतात, असं तुम्ही लिहिलंत. मधली तेरा वर्षं कुठे गेली? – एक वाचक, मिरज

दारूत गेली. १९७० च्या सुमारास हेरॉईन सुरू झालं. ते सुई घेत नव्हते, नाकाने ओढायचे, म्हणून आपण ‘तसले’ नाही असं वाटायला जागा होती. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कला बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मोठी मैफल झाली. तिची सुरुवात पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ यांच्या वादनाने झाली. तिथे क्लॅप्टन आले ते टर्की लागलेल्या, म्हणजे हेरॉईन न मिळाल्याने शरीर त्रास देतं त्या अवस्थेत. गर्द (हेरॉईनचा अशुद्ध प्रकार) घेणाऱ्यांच्या घरात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही: नाकाडोळ्यांतून पाणी, हाडं मोडल्यासारखं दुखणं, जुलाब, झोप नाही. शेवटच्या डोसानंतर ८ ते १२ तासांत ती सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखराला जाते आणि आठवड्याभरात ओसरते.

१९७४ साली डॉ. मेग पॅटरसन यांनी कानाशी सौम्य विद्युतप्रवाह देऊन त्यांच्यावर उपचार केले. (ही पद्धत पुढे मुख्य उपचारांत रुळली नाही.) मग ते काही आठवडे एका मित्राच्या शेतावर राबले. अंग बळकट झालं, हेरॉईन गेलं. पण दिवसभराचं काम संपलं की संध्याकाळी पबमध्ये जाणं सुरू झालं, आणि घोळ झाला तो इथेच. शरीरातून पदार्थ काढला. पण अस्वस्थ वाटलं, रिकामं वाटलं की काहीतरी पोटात ढकलायचं, ही सवय जागची हलली नव्हती. तिला दुसरी बाटली मिळाली. गर्द सोडलेल्या मुलाला ‘एखादी बिअर चालेल रे’ म्हणणारे मामा-काका आपल्याकडेही आहेत. कृपा करून म्हणू नका.

टर्की निघून गेल्यावरचा एक मोठा धोका घरच्यांना ठाऊक असायलाच हवा. काही दिवसांच्या खंडानेही शरीराची सहनशक्ती खाली येते. पुन्हा घेताना मुलगा जुन्याच मापाने घेतो आणि श्वास थांबतो. केंद्रातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सगळ्यात नाजूक.

माझे मिस्टर सकाळी उताऱ्याशिवाय उठत नाहीत. दिवसाला दोन क्वार्टर होतात. क्लॅप्टनना उपचारकेंद्रात फिट आली हे वाचून घाबरले. आम्ही चार दिवस घरीच कोंडून दारू तोडायचं ठरवलंय. चालेल का? – एक भगिनी, इचलकरंजी

नाही ताई, हे करू नका. सकाळी उतारा लागतो याचा अर्थ रात्रीच्या झोपेतच शरीर दारू मागायला लागतं. दारू मेंदूला सतत दाबून ठेवते. मेंदूही तितक्याच जोराने उलट रेटत असतो. दारू एकदम काढली की तो रेटा मोकाट सुटतो. सहा-आठ तासांत हाताला कंप, घाम, मळमळ. फिट येते ती बहुधा पहिल्या ४८ तासांत. दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत काहींना भ्रम होतो: बिछान्यावर किडे दिसतात, घर ओळखू येत नाही, ताप चढतो, नाडी धावते. यात माणूस दगावू शकतो. कोंडलेल्या खोलीत तुम्ही काय करणार?

मनोविकारतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात किंवा केंद्रात दाखल करा. तिथे साधारणपणे क्लोरडायझेपॉक्साइडसारखं औषध भरपूर मात्रेत सुरू करून ५ ते ७ दिवसांत कमी करत नेतात. यकृत खराब असेल तर लोराझेपाम. सोबत थायमिन, म्हणजे बी-१, इंजेक्शनने. इथे एक चूक वारंवार होते. ‘अशक्तपणा आहे’ म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ग्लुकोजचं सलाइन चढवतात, थायमिन न देता. आधीच रिकामा असलेला बी-१ चा साठा त्यात संपतो. डोळे फिरतात, तोल जातो, स्मृती कायमची जाऊ शकते. आधी किंवा निदान बरोबरीने थायमिन, हे तुम्ही स्वतः विचारा.

क्लॅप्टन यांची चूक वेगळी होती. जानेवारी १९८२ मध्ये ते अमेरिकेत मिनेसोटातल्या हेझेल्डन केंद्रात दाखल झाले तेव्हा दारूचं सांगितलं, पण व्हॅलियम या शांत करणाऱ्या औषधाच्या गोळ्याही भरपूर घेतो हे सांगितलं नाही. ती गोळीही मेंदूला दारूसारखीच दाबते. ती अचानक बंद झाली आणि फिट आली. तेव्हा मिस्टरांच्या खिशातल्या, उशीखालच्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. झोपेच्या, अल्प्राझोलामच्या, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यासुद्धा.

दाखल होईपर्यंत दारू एकदम तोडू नका. आणि जेवणातून गुपचूप ‘दारू सोडवायचं औषध’ अजिबात नको. ते डायसल्फिराम असेल आणि वर दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळतो, हृदयावर बेततं. ते औषध माणसाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं. जवळचं केंद्र विचारायला १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, फोन मोफत.

नशेत वाजवलेलं जास्त खोल असतं, असं माझे मित्र म्हणतात. – एक विद्यार्थी, डोंबिवली

दारूच्या काळात क्लॅप्टन यांनी एक अख्खा कार्यक्रम रंगमंचावर उताणं पडून वाजवला. १९८१ मध्ये पोटात अल्सर फुटायच्या बेताला आला, रुग्णालयात ठेवावं लागलं आणि अमेरिकेतला दौरा रद्द झाला. मित्रांना हे वाचून दाखवा.

पहिल्यांदा केंद्रात जाऊनही ते घसरले. मग मुलगा गेल्यावर कसे टिकले? – एक वाचक, पणजी

१९८२ नंतर काही काळ कोरडे राहिले आणि पुन्हा प्यायले. नोव्हेंबर १९८७ मध्ये त्याच केंद्रात परत गेले. तिथे एकदा खोलीत गुडघे टेकून त्यांनी मदत मागितली, आणि सकाळ-संध्याकाळ तेच करायची सवय पुढे ठेवली. देवाधर्माचा भाग बाजूला ठेवला तरी त्यातलं काम दिसतं: दिवसाची दोन ठरलेली टोकं, आणि ‘मला एकट्याला जमत नाही’ हे रोज म्हणणं. दारू सोडणाऱ्यांच्या आपसांतल्या आधारगटात, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्ये नव्या माणसाला ९० दिवसांत ९० मीटिंगा करायला सांगतात ते याच कारणाने. स्पॉन्सरला, म्हणजे गटातल्या आधीपासून दारू सोडलेल्या सोबत्याला, फोन करायचा तो प्यायल्यावर नव्हे, ओढ लागली की. आपल्या मराठी गटांत म्हणतात तसं, फक्त आजचा दिवस.

२० मार्च १९९१ ला त्यांचा साडेचार वर्षांचा कॉनर न्यूयॉर्कच्या इमारतीच्या ५३ व्या मजल्यावरून पडून गेला. तेव्हा दारू सुटून तीन वर्षांवर काळ लोटला होता. ही घडी तेवढ्यात बसली होती, माणसं जोडलेली होती. दुःखाच्या दिवशी नवी सवय लावता येत नाही. आधी लावलेलीच धरून ठेवते.

त्यांनी गिटारी विकल्या त्या कर्ज फेडायला का? – एक वाचक, नाशिक

नाही. १९९८ मध्ये त्यांनी कॅरिबियन समुद्रातल्या अँटिग्वा बेटावर ‘क्रॉसरोड्स’ हे उपचारकेंद्र उभं केलं. परवडत नसलेल्या स्थानिक लोकांनाही तिथे जागा मिळावी हा हेतू होता. जून १९९९ मध्ये न्यूयॉर्कला १०० गिटारींचा लिलाव झाला. सुमारे ५० लाख डॉलर आले, ते केंद्राला गेले. त्यात ‘ब्राउनी’ नावाची जुनी स्ट्रॅटोकॅस्टर एकटीच ४,९७,५०० डॉलरला गेली.