विजेट छान झालं, पण त्यातला आकडा कुठून आला?

प्रश्न : मॅडम, मी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. पॉवर बीआय हे आकड्यांचे आलेख आणि अहवाल एका पानावर मांडणारं सॉफ्टवेअर शिकले आणि डॅशबोर्ड बनवायची गोडीच लागली. कार्ड, गेज, डोनट, सगळी विजेट (म्हणजे पानावरच्या आकड्यांच्या चौकटी आणि आलेख) जमतात, थीमसुद्धा स्वतः तयार करते. एका कंपनीच्या फायनान्स रिपोर्टिंग टीमसाठी मुलाखत झाली. माझा डॅशबोर्ड त्यांना आवडला. पण एकांनी विचारलं, "वरच्या कार्डावर नफ्याचं प्रमाण ३० टक्के दिसतंय. खालच्या टेबलच्या बेरजा घेतल्या तर ते १४ टक्के येतं. खरं कोणतं?" मला उत्तर देता आलं नाही आणि निवडही झाली नाही. घरचे म्हणतात, ही चित्रं उद्या एआय काढून देईल, यात कसलं करिअर? मी पायथन शिकू का? की हा नाद सोडून नुसतं अकाउंटिंग करू? पत्रासोबत माझी फाइल जोडली आहे.

उत्तर : तुझ्या पत्रात सगळ्यात मोलाचा आहे तो मुलाखतीतला प्रश्न. आधी तोच सोडवू, कारण करिअरबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर त्यातूनच निघणार आहे.

तुझी फाइल उघडून पाहिली. दोन विभाग आहेत. पहिल्याची विक्री ९००, नफा ९०, म्हणजे १० टक्के. दुसऱ्याची विक्री १००, नफा ५०, म्हणजे ५० टक्के. टक्केवारीचा कॉलम तू कार्डवर ओढलास. टूलने बेरीज करून ६० दाखवले असणार, ते विचित्र वाटलं म्हणून तू 'सरासरी' निवडलीस आणि ३० आले. पण कंपनीचा एकूण नफा १४० आहे आणि एकूण विक्री १०००. म्हणून १४ टक्के खरं. टक्केवारीची ना बेरीज करायची, ना साधी सरासरी. आधी अंशाची बेरीज, मग छेदाची बेरीज, आणि भागाकार शेवटी. म्हणजे टक्केवारीचा तयार कॉलम वापरायचाच नाही. त्यासाठी वेगळा मेजर, म्हणजे हिशेबाचं सूत्र, लिहायचा, तो प्रत्येक फिल्टरमध्ये नव्याने भागाकार करतो. काम दोन ओळींचं आहे. पण ते करायला हवं हे सुचण्यासाठी नफ्याचं प्रमाण म्हणजे काय हे आतून कळलेलं असावं लागतं, आणि मुलाखतीत ते तेवढंच तपासत होते.

असाच दुसरा खड्डा शिलकीचा. विक्री, खर्च, नफा हे काळासोबत साचत जाणारे आकडे, त्यामुळे तीन महिन्यांची विक्री बेरजेने येते. पण बँकेतली शिल्लक, येणी, साठा हे एका विशिष्ट दिवसाचे आकडे असतात. महिनाअखेरीची रोख ४०, ५५ आणि ३५ असेल, तर तिमाहीच्या कार्डाने १३० दाखवायला नको. त्याने ३५ दाखवायला हवेत, म्हणजे शेवटच्या दिवशी जे होतं ते. नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद यांतला फरक तू पहिल्या वर्षी शिकलीस. विजेट बनवताना तोच फरक असा समोर उभा राहतो. हे ज्ञान तुझ्याकडे आहे. फक्त डॅशबोर्ड बनवताना ते तू बाजूला ठेवलंस, आणि तुझ्या फाइलमध्ये मला खटकलं ते हेच.

आता सजावटीकडे वळते, कारण तुझा जीव तिथे आहे. तो तिथे राहू दे, फक्त प्रत्येक बदलामागे कारण असू दे. तुझं खर्चाचं कार्ड हिरवं झालंय, कारण खर्च गेल्या महिन्यापेक्षा वाढला. वाढ म्हणजे हिरवं, एवढाच नियम तिथे लावलेला आहे. खर्च बजेटपेक्षा जास्त झाला तर ती प्रतिकूल तफावत असते, विक्री जास्त झाली तर अनुकूल. म्हणून खात्याच्या प्रकारानुसार चिन्ह ठरवणारा एक कॉलम डेटा मॉडेलमध्येच ठेव आणि रंगाचा नियम त्यावर बांध. शिवाय लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसं प्रत्येक मोठ्या कार्यालयात असतात, त्यामुळे रंगासोबत बाण किंवा अधिक-उणे चिन्हही हवं.

स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासूनच सुरू कर. तुझ्या एका आलेखात तो ९५ पासून सुरू होतो. ९६ चा स्तंभ एक घर उंच, १०० चा पाच घरं उंच. प्रत्यक्षात वाढ चार टक्क्यांच्या आसपास आहे आणि डोळ्याला दुसरा स्तंभ पहिल्याच्या पाचपट दिसतो. स्तंभात आपण लांबी वाचतो, म्हणून ही सूट तिथे चालत नाही. रेषेच्या आलेखात आपण चढ-उतार वाचतो, तिथे अक्ष वरून सुरू केला तरी चालतं, मात्र तो स्पष्ट दिसला पाहिजे.

डोनटबद्दलही, म्हणजे मधे पोकळ असलेल्या वर्तुळाच्या आलेखाबद्दलही, बोलायला हवं, तुझ्या एका पानावर चार आहेत. व्यापाराचे आकडे रेषांनी आणि स्तंभांनी दाखवायची पद्धत विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये छापून आणली आणि वर्तुळाचे तुकडे करणारा आलेखही त्यांचाच, १८०१ चा. पुढे १९८४ मध्ये क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संशोधकांनी प्रयोगांतून दाखवलं की एकाच मोजपट्टीवरच्या जागा माणसं जितक्या अचूक ओळखतात, तितके कोन ओळखू शकत नाहीत. सहा प्रकारचे खर्च डोनटमध्ये टाकलेस की वाचणारा शेवटी लेबलंच वाचतो. तेच सहा खर्च उतरत्या क्रमाने आडव्या स्तंभांत लाव, लगेच फरक कळेल.

माझं सगळ्यात लाडकं आर्थिक विजेट म्हणजे वॉटरफॉल, एका आकड्यापासून दुसऱ्यापर्यंतची वाढ-घट पायरी-पायरीने दाखवणारा आलेख. बजेटमधला नफा ५००. विक्रीची संख्या घटल्याने ४० गेले, दर वाढवल्याने २५ आले, कच्चा माल महागल्याने ३० गेले, इतर खर्च वाचवून १५ मिळाले. प्रत्यक्ष नफा ४७०. व्यवस्थापनाच्या बैठकीत "३० कमी का?" असा प्रश्न येतो, त्याचं उत्तर या एका चित्रात मिळतं. पण हे चार तुकडे कुठल्याही कॉलममध्ये तयार पडलेले नसतात. संख्येचा परिणाम किती आणि दराचा किती, हे आधी वेगळं करावं लागतं, आणि तो कॉस्टिंगचा धडा तू परीक्षेसाठी सोडवला आहेस. म्हणून 'नाद सोडून नुसतं अकाउंटिंग' हा पर्याय मला पटत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या करूच नकोस.

घरच्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. साध्या भाषेत मागणी केली की आलेख काढून देणारी साधनं आता डॅशबोर्डच्या सॉफ्टवेअरमध्येच आली आहेत आणि नुसतं ओढून-टाकून चित्र करण्याचं काम घटत जाईल, असं मलाही वाटतं. त्या कामावर करिअर उभं करायचं असेल तर आई-बाबा बरोबर आहेत. पण डॅशबोर्डवरचा आकडा खतावणीशी का जुळत नाही, महिन्याचे हिशेब बंद झाल्यावर टाकलेली नोंद कुठे दिसायला हवी, 'नक्त विक्री'तून परतावे वजा केले आहेत का, दोन विभागांनी एकमेकांना केलेली विक्री दोनदा मोजली जातेय का, हे ठरवणारं माणूस लागतंच. संचालकांसमोर त्या आकड्याची जबाबदारी कुणीतरी घ्यावी लागते. ती घेता येईल अशी तयारी तू कर. घरी समजावताना हाच मुद्दा मांड आणि सोबत ३० आणि १४ चं उदाहरण दाखव.

पायथन आत्ता नको. आधी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, शीक, कारण आर्थिक डेटा डेटाबेसमधून येतो आणि दोन टेबलं चुकीची जोडली की बेरीज गुपचूप फुगते. बिलाला तीन ओळी असतील आणि बिलाची एकूण रक्कम प्रत्येक ओळीला चिकटली, तर विक्री तिप्पट होते. चूक सांगणारा एकही लाल संदेश येत नाही. एक्सेल तर पक्कं हवंच. वॉटरफॉल आलेख एक्सेल २०१६ पासून तयार मिळतो, आणि फायनान्समधली माणसं तुझा डॅशबोर्ड पाहून झाल्यावर आकडे शेवटी एक्सेलमध्येच उतरवून तपासतात. ते मनाला लावून घेऊ नकोस. उलट त्यांच्यासाठी आकड्यामागच्या नोंदींपर्यंत नेणारं ड्रिल-थ्रू पान तूच करून ठेव.

तयार विजेट पुरत नाहीत म्हणून स्वतःचं विजेट घडवावंसं वाटलं, तर ती वाट वेगळी आहे. पॉवर बीआयची कस्टम विजेट टाइपस्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहितात आणि चित्र काढायला बऱ्याचदा डी-थ्री ही जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरतात. ती वाट प्रोग्रामरची. आवड टिकली तर वर्षा-दोन वर्षांनी तिकडे वळता येईल. पण बाहेरून उतरवलेलं विजेट फायनान्सच्या डॅशबोर्डवर विचार न करता लावू नकोस. मायक्रोसॉफ्टने प्रमाणित न केलेलं विजेट डेटा बाहेरच्या सेवेकडे पाठवू शकतं, आणि जाहीर न झालेले निकाल ही कुठल्याही कंपनीची अत्यंत गुप्त माहिती असते. त्याच कारणाने कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात हे ठरवणारी रो-लेव्हल सिक्युरिटी नीट शिकून घे. मुलाखतीत यावर प्रश्न येतात.

पुढच्या मुलाखतीआधी नमुना डेटावरचा हा प्रकल्प बाजूला ठेव आणि खऱ्या आकड्यांवर एक नवा कर. अमेरिकेच्या एसईसी या शेअर बाजार नियामक संस्थेच्या एडगर या संकेतस्थळावर तिथल्या नोंदणीकृत कंपन्यांची तिमाही आणि वार्षिक पत्रकं कुणालाही मोफत पाहता येतात. एकच कंपनी निवड आणि तिमाहीनुसार विक्री, नफा, रोखप्रवाह दाखव. तिथे एक गंमत तुझी वाट पाहत असेल. तिमाही अहवालातलं रोखप्रवाह पत्रक वर्षाच्या सुरुवातीपासूनचं असतं. म्हणजे दुसऱ्या तिमाहीचा आकडा हवा तर सहा महिन्यांतून पहिले तीन वजा करावे लागतात. चौथ्या तिमाहीचा वेगळा अहवालच नसतो. तो आकडा वार्षिक पत्रकातून नऊ महिने वजा करून काढावा लागतो. हे लक्षात न घेता आलेख काढलास तर रोख दर तिमाहीला चढत जाऊन नव्या वर्षी एकदम कोसळताना दिसेल.

डॅशबोर्डच्या शेवटी ताळ्याचं एक पान ठेव : डाव्या बाजूला छापील पत्रकातला आकडा, उजव्या बाजूला तुझ्या विजेटमधला, आणि तिसऱ्या कॉलममध्ये फरक. प्रत्येक फरक शून्य असायला हवा. जिथे नसेल तिथे कारण एका ओळीत लिही. पहिल्या पानावर तीन-चार विजेट पुरेत, आणि प्रत्येकाच्या शीर्षकात काळ आणि एकक लिहिलेलं असू दे. तुझ्या आत्ताच्या कार्डांवर रक्कम हजारांत आहे की लाखांत, हे मला शोधूनही सापडलं नाही.

अर्ज करताना 'डॅशबोर्ड डिझायनर' शोधू नकोस. फायनान्शिअल रिपोर्टिंग अ‍ॅनालिस्ट, एफपी अँड ए (आर्थिक नियोजन आणि विश्लेषण) अ‍ॅनालिस्ट, फायनान्स टीममधला बीआय (बिझनेस इंटेलिजन्स) अ‍ॅनालिस्ट या नावांनी शोध. मुलाखतीत डॅशबोर्ड दाखवायची वेळ आली की ताळ्याचं पान आधी उघड, बाकीची पानं नंतर.