जुन्या सागवानी डायनिंग खुर्च्या घरीच रंगवून सीट बदलता येतील का? (कोल्हापूर)

येतील की! फक्त जून ते सप्टेंबर हात लावू नका. आपल्याकडच्या पावसात ऑइलपेंट चार-चार दिवस चिकट राहतो. माझ्या पहिल्या खुर्चीला पाहुण्यांची पँट चिकटली होती.

सीटखालचे स्क्रू काढून गादी वेगळी करा. लाकडाला आधी १२०, मग २२० नंबरचा पॉलिश पेपर, तोही रेषांच्या दिशेनंच. धूळ पुसून प्राइमर, मग रंगाचे दोन पातळ हात. सागवान चांगलं असेल तर रंगापेक्षा पॉलिशच करा, असं माझं मत.

जुनं कापड फाडू नका, तेच मापाला लागतं. चारही बाजूंना तीन बोटं जास्त ठेवून रेक्झिन कापा. स्टेपल आधी बाजूंच्या मधोमध मारा, कोपरे शेवटी.