काळोखात किड्यांना दिसतं तरी कसं?

प्रश्न: लाईट गेली की आमच्या कुळागरात मिट्ट काळोख, तरी पतंग बरोब्बर फुलावरच येतात. यांना दिसतं कसं? – एक वाचक, वाळपई

उत्तर: मस्त प्रश्न! किड्याच्या डोळ्यातली पेशी इतकी संवेदनशील असते की प्रकाशाचा एकच कण, म्हणजे एक फोटॉन, रोडॉप्सिन या प्रकाश टिपणाऱ्या रंगद्रव्याच्या रेणूनं पकडला तरी आत रसायनांची मालिका सुरू होते, पेशीच्या आवरणातले चॅनल, म्हणजे बारीक दरवाजे, उघडतात आणि व्होल्टेजचा छोटा उंचवटा उठतो. पण खरी भानगड पुढेच, कारण नुसत्या उष्णतेनंही रोडॉप्सिन कधीमधी आपोआप पलटतं आणि अगदी तसाच उंचवटा येतो, मग खरा कुठला नि खोटा कुठला? एकट्या पेशीला कळतच नाही. त्यात उंचवटे लहानमोठे, आणि काळोखात फोटॉनही पावसाच्या पहिल्या थेंबांसारखे कुठेही, कधीही पडणार. म्हणून शेजारशेजारच्या पेशींचे सिग्नल एकत्र केले जातात, तेही जरा जास्त वेळ, जसं आपण रात्री कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवतो. चित्र धूसर होतं पण दिसतं. आपल्याच सह्याद्रीत, भीमाशंकरच्या रानात, झायलोकोपा ट्रँक्वेबारिका नावाचा भुंगा चंद्र नसलेल्या रात्रीही उडतो, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला काटाच आला! आणि हो, तुमच्या पतंगांना फुलापर्यंत आणण्यात वासाचाही मोठा वाटा असतो.