मामांच्या नोंदींवर व्यापाऱ्याने नाणी विकली, तर हक्क कुणाचा?

पैठणच्या सातवाहन नाण्यांवर मामांनी वह्या भरल्या आणि व्यापाऱ्याने त्याच नोंदी विक्रीच्या कॅटलॉगमध्ये छापल्या, असं तुम्ही लिहिलंय. विक्रीत वाटा मागायचा असेल तर तो नाद सोडा. निव्वळ माहितीवर मालकी सांगता येत नाही. १८५७ साली बुडालेल्या 'सेंट्रल अमेरिका' जहाजाचं सोनं १९८८ मध्ये सापडलं, तेव्हा कोलंबिया विद्यापीठ आणि आधीचे शोधकर्ते पुढे आले: आमच्या सोनार (ध्वनिलहरींनी समुद्रतळ तपासण्याच्या) सर्वेक्षणावर सापडलं, वाटा द्या. वर्षानुवर्षं कोर्टबाजी झाली, हाती भोपळा.

मजकुराचं तसं नाही. वजनाचे आकडे जाऊ द्या; पण नाण्यांवरच्या हत्ती आणि उज्जैन चिन्हाची (अधिकच्या खुणेच्या टोकांना चार वर्तुळं) मामांनी हातानं काढलेली चित्रं, त्याखालचं विवेचन जसंच्या तसं उचललं असेल तर कॉपीराइट मामांचा. हयातभर आणि पुढे ६० वर्षं. नोंदणीची सक्ती नाही. व्यापारी म्हणेल, "त्यांनीच दिल्या होत्या." वही वाचायला देणं वेगळं, हक्क लेखी दिल्याशिवाय त्याच्या नावावर होत नाही.

आणि हो, इतकी जुनी नाणी विकायचा धंदा करायला १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यानुसार परवाना लागतो. व्यापाऱ्याला नोटीस देण्याआधी परवाना आहे का, तेही वकिलाकरवी विचारा, बोलणं लवकर सुरू होईल.