कानाचे दडे : घाटातले आणि बोगद्यातले

प्रश्न : आम्ही ओसाकाहून हिरोशिमाला शिनकानसेन या जपानच्या अतिवेगवान रेल्वेने गेलो. वाटेत एकामागून एक बोगदे लागले, परंतु कानाला किंचित दडा बसून लगेच सुटत असे. आईचे म्हणणे असे, की कर्जतहून लोणावळ्याला घाट चढताना कान याहून अधिक गच्च होतात. वेग कितीतरी जास्त असताना त्रास उलट कमी कसा?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्या आईंचे निरीक्षण अचूक आहे, मात्र दोन्ही ठिकाणी दड्याचे कारण निराळे आहे. बोरघाटात गाडी सुमारे साडेपाचशे मीटर चढते आणि तेवढ्या उंचीमुळे हवेचा दाब सहा ते सात किलोपास्कलने (किलोपास्कल हे दाबाचे एकक) उतरतो. तिथल्या बोगद्यांचा त्यात जवळजवळ काहीच वाटा नाही, कारण गाडी सावकाश चालते आणि बोगद्यातला दाबबदल साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटरऐवजी ३०० किलोमीटर वेग धरला, तर तो सुमारे पंचवीसपट होईल.

वेगवान गाडी बोगद्यात शिरते तेव्हा पुढची हवा बाजूला सरकायला जागा नसल्याने दाबली जाते आणि तो दाब लाटेसारखा ध्वनीच्या वेगाने पलीकडच्या तोंडाकडे धावतो. उघड्या तोंडाशी पोहोचल्यावर ती लाट उलटते, म्हणजे वाढलेल्या दाबाऐवजी कमी दाबाची लाट होऊन परत येते आणि गाडीला वाटेत गाठते. गाडीची शेपटी आत शिरली, की आणखी एक लाट निघते. त्यामुळे डब्याबाहेरचा दाब काही सेकंदांत वरखाली होत राहतो, आणि त्याच वेळी समोरून दुसरी गाडी आली तर दोघींच्या लाटा एकमेकींत मिसळतात. बोगदा जितका अरुंद, तितका हा परिणाम तीव्र. जपानने बोगदे तुलनेने अरुंद ठेवले आणि १९६४ साली धावलेल्या पहिल्या शिनकानसेनपासूनच डबे हवाबंद करण्यावर भर दिला. दारे बंद झाल्यावर चौकटीवर घट्ट दाबून बसवणे, दोन डब्यांमधला जोडमार्ग सीलबंद ठेवणे, आणि बाहेरच्या दाबाला न जुमानता ताजी हवा आत ढकलणारे पंखे बसवणे, हे सारे त्यासाठीच. (शौचालयाच्या सांडपाण्याची वाटसुद्धा मोकळी सोडून चालत नाही!) डबा पूर्णपणे हवाबंद कधीच नसतो, पण बाहेरचा धक्का आत झिरपायला वेळ लागतो आणि तोवर बाहेरचा दाब पुन्हा बदललेला असतो. म्हणून आपल्या कानांपर्यंत त्याचा थोडासाच अंश पोहोचला.

युरोपीय नियमांनुसार बोगदा पार होईतो गाडीच्या बाहेरचा दाबबदल १० किलोपास्कलहून अधिक होता कामा नये. डब्याचा हवाबंदपणा अचानक गेला, तरी प्रवाशांच्या कानांना इजा होऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे. सुखकर प्रवासाची मर्यादा अर्थातच याहून बरीच कडक असते, आणि तिथे दाब किती बदलला यापेक्षा किती वेळात बदलला हे अधिक महत्त्वाचे ठरते.

घशापासून मध्यकर्णापर्यंत जाणारी नळी आवंढा गिळताना किंवा जांभई देताना उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. सर्दीत ती सुजलेली असते. त्यामुळे आईंना घाटात त्या दिवशी सर्दी होती का, हेही विचारून पाहावे.