रविवारचा डोंगर : बसने ट्रेकला जाणाऱ्यांचे प्रश्न

क्लबबरोबर बसने एका दिवसाच्या ट्रेकला जायचं असेल तर काय विचारायचंय ते पाठवा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. पत्रं आणि मेल भरपूर आले. गंमत म्हणजे डोंगराबद्दलचे प्रश्न त्यात कमीच, बसचे आणि माणसांचे जास्त. मला ते पटलं, कारण तुमचा रविवार कसा जाणार हे बऱ्याचदा शनिवारी रात्री बस सुटतानाच ठरलेलं असतं. निवडक प्रश्न घेतलेत.

माझं वय ५४, डोंबिवलीत राहते. मुलगी एका क्लबबरोबर नेहमी जाते, आता मलाही कळसूबाईला चल म्हणतेय. जाहिरातीत 'इझी टू मॉडरेट' लिहिलंय. मी रोज तासभर चालते पण जिने चढताना दम लागतो. माझ्यामुळे सगळी बस खोळंबली तर? लाज वाटते हो.

ताई, लाज वगैरे सोडा आधी. प्रत्येक बसमधे शेवटचा कोणीतरी असतोच, आणि तो तुम्हीच असाल हे कशावरून? जिममधे जाणारी दोन-चार पोरं पहिल्या तासात धावत सुटतात आणि नंतर झाडाखाली आडवी झालेली सापडतात, हे दृश्य दर ट्रेकला ठरलेलं.

पण पहिलाच ट्रेक कळसूबाई, याला माझा नकार आहे. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, म्हणून सगळ्यांना तिथलाच फोटो हवा असतो. बारी गावातून वर जायला नवख्या माणसाला तीन-चार तास सहज लागतात, मधे लोखंडी शिड्या आहेत, सुट्टीच्या दिवशी त्या शिड्यांपाशी रांग लागते आणि मागून लोक "चला चला" करत राहतात, ते तुम्हाला नकोय. शिवाय खरा त्रास उतरताना. चढताना लागलेला दम पाच मिनिटं टेकलं की जातो, पण उतरताना गुडघा एकदा ठणकायला लागला की तो बसमधे बसेपर्यंत ठणकतोच.

त्यापेक्षा कोरीगड करा. लोणावळ्याहून आंबवणेच्या रस्त्याला पेठ शहापूर गाव आहे, तिथपर्यंत डांबरी रस्ता, थोडं झाडीतून चाललं की बांधलेल्या पायऱ्या, रमतगमत गेलात तरी साधारण तासाभरात माथ्यावर. वर तटबंदी जवळजवळ अख्खी शाबूत आहे, तिच्यावरून गडाला फेरी मारता येते, दोन तळी आहेत, कोराईदेवीचं देऊळ आहे, तोफा आहेत. म्हणजे कष्ट कमी आणि बघायला भरपूर. तो जमला की कर्जतजवळचा पेठचा किल्ला, कोथळीगड म्हणतात तो, तिथे सुळक्याच्या पोटातून कोरून काढलेल्या पायऱ्या आहेत, बघून थक्क व्हाल. मग कळसूबाई, तोवर ती काही कुठे पळून जात नाही.

आणि क्लबला फोन करून एवढं विचाराच की सगळ्यात मागे कोण चालणार आहे. चांगल्या क्लबमधे पुढे एक लीडर असतो, तो वाट दाखवतो, आणि सगळ्यात मागे एक अनुभवी माणूस असतो, त्याच्या मागे कोणीही राहायचं नाही असा नियम असतो. दोघांकडे शिट्टी, जमलं तर वॉकीटॉकी, कारण आपल्याकडे किती ठिकाणी रेंज नसते ते तुमची लेक सांगेलच. मागचा माणूस धीराचा असेल तर हळू चालणाऱ्याचा ट्रेक मस्त होतो, तो गप्पा मारत मारत वर नेतो. फोनवर "तसं काही नाही, सगळे एकत्रच चालतो" असं उत्तर मिळालं तर मी तरी त्या क्लबबरोबर जाणार नाही, चाळीस माणसं डोंगरात एकत्र चालत नसतात. परत फिरायची वेळ ठरलेली आहे का तेही विचारा, म्हणजे दुपारी अमुक वाजले की माथा आला नसला तरी मागे फिरायचं. तुमच्यासारख्यांना ती वेळ माहीत असली की निम्मं टेन्शन जातं.

राहिला दम. ट्रेकच्या आधी एकदा डॉक्टरांना दाखवा, बीपी, ईसीजी करून घ्या. पन्नाशीनंतर जिन्यावर दम लागतोय तर ते डोंगरासाठीच नाही, एरवीसुद्धा बघायलाच हवं.

घाट लागला की मला उलट्या होतात. काय करू?

पुढच्या बाजूची सीट मागा आणि लाजू नका, मागच्या सीटवर घाटात कोणाचंही पोट ढवळतं. मोबाइल बंद, नजर समोर रस्त्यावर. अॅव्होमिनची गोळी निघायच्या आधी तासभर घेतात, पण झोप येते तिने, म्हणून पहाटे घाट आणि लगेच चढाई असेल तर आणि दुसरी काही औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच. आलेपाक खिशात ठेवा. रात्री धाब्यावर मिसळ नको. पिशवी मात्र हातात असू द्या, बॅगेत तळाला नको.

आमच्या ऑफिसचे ४० जण पुण्याहून ताम्हिणीजवळच्या अंधारबनच्या जंगलवाटेला न्यायचेत, ऑर्गनाइझ मीच करतोय. एकच ४९ सीटर केली तर माणशी स्वस्त पडते. शनिवारी दिवसभर ऑफिस, मग रात्री सगळे भेटून जेवून गप्पा मारून पहाटे पोचायचं आणि रविवारी रात्री परत असा प्लॅन आहे. काही राहतंय का?

दादा, ड्रायव्हर राहतोय.

तुमचा प्लॅन नीट बघा. ड्रायव्हर शनिवारी दिवसा कुठलीतरी ट्रिप मारून आलेला असतो, सीझन आहे, मालक गाडी रिकामी ठेवत नाही. रात्रभर तुमच्याबरोबर. रविवारी तुम्ही जंगलात असताना त्याने झोपायचं. पण अंधारबनची वाट आल्या जागी परत येत नाही! पिंपरी गावाजवळून निघून तुम्ही कोकणात भिरा धरणाकडे उतरता, म्हणजे तुम्हाला सोडून त्याने अख्खा ताम्हिणी घाट उतरून, विळ्याहून फिरून भिऱ्याला येऊन थांबायचं. तिथे पोचला की ऊन, गाडीत भट्टी, पार्किंगवाला गाडी हलवायला सांगतो. झोपला कधी तो? मग संध्याकाळी तुम्ही सगळे दमून चिखलाचे पाय घेऊन चढता, दहा मिनिटांत अख्खी बस घोरायला लागते आणि घाटात जागा असायला हवा असा एकच माणूस असतो, जो तुमच्यापेक्षा जास्त जागलाय.

म्हणून एक तर दोन ड्रायव्हर घ्या, खर्च थोडा वाढतो, वाढू दे. नाहीतर रात्रीचं जेवण-गप्पा रद्द करा, तुम्ही पुण्यातच आहात, पहाटे साडेचार-पाचला निघालात तरी वेळेत पोचता. दोन्ही बाबतीत बुकिंग करतानाच मालकाला विचारायचं की ड्रायव्हर आदल्या दिवशी कुठे आहे. त्याच्या नाश्त्याचे, जेवणाचे पैसे माणशी वर्गणीत आधीच धरा, ऐनवेळी "ड्रायव्हरचं काय करायचं" अशी कुजबुज फार वाईट दिसते. परतताना पुढच्या सीटवर जागा राहू शकेल असा माणूस बसवा, ती ड्युटी लीडरची.

गाडीचं म्हणाल तर ४९ सीटर डोंगराखालच्या गावात नेणं म्हणजे डोकेदुखी. रस्ता एका गाडीचा, समोरून दुसरी आली की दोघं अडकले, आणि वळवायला मैदान लागतं. दोन लहान बस घ्या, २०-२५ सीटर. महाग पडतील, पण तुमचे आपोआप दोन ग्रुप होतात, प्रत्येकाला आपापले दोन लीडर, मोजायला सोपं. चढताना, जेवताना आणि बसमधे बसल्यावर डोकी मोजायची, "सगळे आलेत ना?" असं ओरडून विचारायचं नाही, न आलेला माणूस "नाही" म्हणत नाही. नंबर प्लेट पिवळी बघा, पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेऊ नका, काही झालं तर इन्शुरन्सवाला हात वर करतो. आणि साधा ट्रेक असेल, त्याच गावात परत यायचं असेल, तर एसटीच्या डेपोत प्रासंगिक करारावर पूर्ण बस मिळते, तिकडेही एकदा चौकशी करा, लोक हे विसरूनच गेलेत.

एक आणखी. अंधारबनला पावसात मधले ओढे अचानक वाढतात, आणि एकदा निम्म्यात गेलात की परत फिरणंही तेवढंच लांब. जायच्या आधी वनविभागाचं काय चालू आहे, वाट उघडी आहे का, ते बघूनच बसचा अॅडव्हान्स द्या.

पावसामुळे क्लबने आदल्या दिवशी ट्रेक कॅन्सल केला आणि निम्मेच पैसे परत दिले. हे बरोबर आहे का?

निम्मे मिळाले म्हणजे बरेच मिळाले. बसवाला अॅडव्हान्स परत करत नाही, गावात जेवण सांगितलेलं असतं, त्या मावशींनी पिठलं-भाकरीचं सामान भरलेलं असतं. नियम पैसे भरायच्या आधी लेखी मागायचे, मागूनही क्लबने दिले नसतील तर मात्र भांडा. पण कॅन्सल केलं म्हणून चिडू नका. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी डॅमच्या वरच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, पाणी डोळ्यांदेखत वाढलं होतं. तेव्हापासून जिल्हाधिकाऱ्यांचे बंदीचे आदेश जास्तच कडक झालेत, आणि रेड अलर्ट असताना "आपण दुसऱ्या वाटेने जाऊ" म्हणणारा लीडर भेटला तर उरलेले पैसेही सोडून द्या आणि घरी भजी करा.

ट्रेकला ब्लूटूथ स्पीकर लावला तर लोक चिडतात, का? बसमधे तर सगळे नाचत असतात.

बसमधे नाचा, रात्री बारापर्यंत. डोंगरात नको. मागून कोणी शिट्टी मारली, वरून कोणी "दगड!" ओरडलं तर ऐकू यायला हवं. परफ्युम, बिडी-सिगारेटचा धूर आणि आरडाओरडा, कड्याला आग्या मोहोळ असेल तर हे तिन्ही टाळायचं. मोहोळ उठलं की सगळा ग्रुप उतारावर सैरावैरा पळतो, आणि तिथे पाय घसरला तर माशा चावलेल्या बऱ्या म्हणायची वेळ येते.

मी ठाण्याच्या एका क्लबमधे लीडर आहे. पिकअपला लोक उशिरा येतात आणि ट्रेक उशिरा सुरू होतो. बस सोडून द्यावी का? वाईट दिसतं ते.

सोडा. पण त्याआधी तुमचे पिकअप किती आहेत ते मोजा. बोरिवलीपासून सुरू करून आठ ठिकाणी थांबत असाल आणि प्रत्येक ठिकाणी दहाच मिनिटं गेली, तरी ऐंशी मिनिटं गेली, त्यात कोणीच उशीर केलेला नाही. ती ऐंशी मिनिटं मग चढाईवर येतात. सहाला सुरू होणारा चढ साडेसात-आठला सुरू होतो, आणि मार्च-एप्रिलमधे हा फरक म्हणजे सावली की ऊन, पाण्याची एक बाटली की तीन. नाशिकजवळच्या हरिहर गडाचं तर विचारूच नका, सुट्टीच्या दिवशी दोन बस तुमच्या आधी पोचल्या की त्या उभ्या कातळपायऱ्यांखाली तासभर नुसतं उभं राहायचं, वरून उतरणारे वेगळे.

तीन पिकअप ठेवा, सगळे स्टेशनजवळ. उशीर होणाऱ्याने लोकल पकडून पुढच्या पिकअपला यावं, आणि शेवटच्या पिकअपनंतर फोन घ्यायचा नाही. पैसे भरताना मेसेजमधे ठळक लिहा : बस ११.३० ला सुटेल, ११.३१ ला फोन करू नये. पहिल्या वेळी एकाला सोडावं लागेल, तो ग्रुपवर मोठा मेसेज टाकेल, टाकू दे. पुढच्या महिन्यात सव्वाअकरालाच सगळे आलेले असतील, तोसुद्धा. फक्त तुम्ही स्वतः अकराला तिथे पाहिजे, लीडरच रिक्षातून धावत आला तर यातलं काहीच चालणार नाही.